फसवणूकमुक्त गाव

या प्रकरणात भैय्यालालभाऊंना अपेक्षित असलेला लाभ असा: एक शाल, एक श्रीफळ, एक सन्मानचिन्ह आणि गावाच्या वेशीवर 'फसवणूकमुक्त गाव' असा फलक, ज्यावर गावच्या समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव गावाच्या नावापेक्षा दोन बोटं मोठं राहणार होतं. खर्च शून्य. आंधळगावच्या अलीकडल्या आमच्या गावात शून्य खर्चाच्या योजनेला आजवर कोणी नकार दिलेला नाही.

पत्र व्हॉट्सॲपवर आलं. देशातल्या साऱ्या बँकांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नावानं, वर राजमुद्रा. जिल्ह्यातून आपल्या गावाची निवड झाली आहे. गावाच्या वतीनं एका 'आदर्श ठेवीदारा'चं खातं आज दुपारी बाराच्या आत पडताळून घ्यावं, अन्यथा सन्मान शेजारच्या गावाला देण्यात येईल. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि समितीनं पत्र खरं मानलं. खाली ठळक अक्षरांत सूचनाही होती: 'फसव्या संदेशांपासून सावध राहा.'

गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र रुचिता चालवते. तिनं पत्र दोनदा वाचलं.

"भाऊ, हे लोक बँकांवर लक्ष ठेवतेत. आपल्या खात्याशी त्यांचं काय काम? अन् साहेबाचा ईमेल जीमेलचा काहून?"

"सरकार काटकसर करून राहिली."

"अन् एवढी घाई?"

"सरकारनं उशीर केला तं तू बोलते, घाई केली तरी बोलते."

आदर्श ठेवीदार म्हणून पार्वताबाईंची एकमतानं निवड झाली. त्यांचा नवरा चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला होता. तो गेल्यावर मिळालेले एक लाख शहाऐंशी हजार बाईंनी मुलीच्या, गुंजनच्या, नर्सिंगच्या फीसाठी हात न लावता ठेवले होते. गावात इतकं आदर्श दुसरं काही नव्हतं.

मोबाईलवर ओटीपी आला तेव्हा बाई थबकल्या. "भाऊ, हा नंबर कोणालेच सांगू नोका म्हणतेत ना?"

"चोराले सांगू नये, बाई. हे तं चोर पकडणारे आहेत."

अकरा चाळीसला पत्रातल्या साहेबाला फोनवर नंबर सांगितला. अकरा त्रेचाळीसला खात्यात चौदा रुपये उरले. अकरा पंचेचाळीसला प्रमाणपत्र आलं. दाखल्यासाठी तहसीलच्या चार चकरा मारणाऱ्या गावाला दोन मिनिटांत आलेल्या कागदाचा संशय यायला हवा होता. आला तो अभिमान.

"एकोणीसशे तीसवर, सायबर पोलिसाच्या नंबरवर, आत्ताच्या आत्ता फोन लावा," रुचिता म्हणाली. "लवकर सांगितलं तं पैसे अडवता येतेत."

सचिव कैलाशनं प्रमाणपत्रातली अट क्रमांक चार वाचून दाखवली: गावातून फसवणुकीची एकही तक्रार नोंदवली गेल्यास सन्मान रद्द समजण्यात येईल.

"पण फसवणूक तं झाली ना," रुचिता म्हणाली.

"झाली. नोंदली कुठं?"

विषय धोरणात्मक असल्यानं तातडीची सभा बोलावण्यात आली. दोन सदस्य धानाच्या रोवण्यावर होते, त्यांना बांधीतून आणून पाय धुऊ देईपर्यंत सव्वा वाजला. मग चहा झाला. मग ठराव लिहिला: 'सदर रक्कम खातेदाराच्या खात्यातून स्वखुशीने बाहेर गेली असून गावातील फसवणूक निरंक आहे.' अनुमोदक म्हणून पार्वताबाईंची सही तेवढी राहिली.

"कर बाई सही," भैय्यालालभाऊ समजुतीनं म्हणाले. "गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. लोक हसतीन."

"हसू द्या. हसण्यानं गुंजनची फी भरते का?" बाईंनी पेन खाली ठेवला आणि रुचिताच्या हातातून फोन घेतला.

तेव्हा दोन पन्नास झाले होते. तक्रार लिहून घेणाऱ्यानं विचारलं, तीन तास का लागले?

"मिटिंग होती, साहेब."

बारा हजार अडवले गेले. बाकीचे तोवर चार शहरांतून काढून झाले होते. संध्याकाळी अट चारप्रमाणे सन्मान रद्द झाल्याचा संदेश वेळेवर आला. गावाचं नाव घालवलं म्हणून भैय्यालालभाऊ अजून पार्वताबाईंशी बोलत नाहीत. रुचिताशीही नाहीत, कारण तिला आधीच माहीत होतं.

अंतिम हिशेब: चहा ग्रामनिधीतून. शाल भैय्यालालभाऊंनी आधीच आणून ठेवली होती, बिल गावावर. एक लाख चौऱ्याहत्तर हजार पार्वताबाईंनी भरले, आणि गुंजननं एक वर्ष. तुमच्या घरात मागे ज्यांचे पैसे असेच गेले आणि 'कोणाला सांगू नका, लोक हसतील' असं तुम्हीच ज्यांना बजावलंत, त्यांची रक्कम यात धरलेली नाही. ती तुम्हाला माहीत आहे.