इंदूआत्यांची वाटणी

लग्न होऊन मी सासरी आले त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मान खाली घालून मी पाहुण्यांना पोहे देत होते. माझ्या नवऱ्याच्या आत्यांनी, इंदूआत्यांनी, माझ्या हातून बशी घेतली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तू झोपेत हातपाय पसरतेस का गं?"

माझे सासरे घाईघाईनं खिडकीबाहेर बघायला लागले. माझा नवरा, दिलीप, कानापर्यंत लाल झाला.

"लाजायचं काय त्यात?" आत्या म्हणाल्या. "मे महिन्यात मुळशीला जायचंय. पसरत असशील तर जागा जास्त लागणार. मग भाडंही त्या मानानं. नंतर वाद नकोत."

मी "नाही पसरत" असं काहीतरी पुटपुटले. आत्यांनी दिलीपकडे बघितलं. तो म्हणाला, "अगं आत्या, मला काय माहीत?" त्यावर जो हशा झाला, त्यात आत्या एकट्या हसल्या नाहीत. त्या खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या.

इंदूआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलेलं नाही. पुण्यात एका पेठेत जिन्याखालून आत गेलं की त्यांची एक खोली, आणि नोकरी रेशनिंगच्या कचेरीत. त्या काळी रेशनकार्डावर मोठ्या माणसाचं एक युनिट आणि लहान मुलाचं अर्धं, असा हिशेब असायचा. साखर, गहू, पामतेल, सगळं त्यावर. वर्षानुवर्षं तेच बघून आत्यांना माणसंसुद्धा युनिटांत दिसायला लागली होती. "शरदकडची सगळी येणार का?" असं त्या विचारत नसत. "शरदची तीन युनिटं पक्की ना?" असं विचारत. कुणाकडे बाळ जन्मलं की पहिली प्रतिक्रिया, "अर्धं वाढलं म्हणायचं!" आणि मग त्या अर्ध्यासाठी स्वतःच्या हातानं शिवलेली दुपटी घेऊन पहिल्या त्याच हजर.

मुळशीचं घर म्हणजे पौडच्या पुढं, धरणाच्या पाण्याच्या जरा अलीकडं एका वाडीत होतं. भागूबाई नावाच्या शेतकरीणबाईंचं. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला, म्हणून त्याच्यासाठी बांधलेल्या दोन खोल्या आणि पुढची ओसरी मे महिन्यापुरती त्या भाड्यानं देत. आमची चार घरं तिथं मिळून जात. आम्ही, आत्या, धाकटे शरदकाका आणि त्यांचं कुटुंब, आणि आत्यांची धाकटी बहीण वत्सलाआत्या, तिचे यजमान मनोहरराव आणि मुलं.

मी येण्याच्या आधी भाड्याचे सरळ चार भाग करायचे, असं चालायचं. त्यावरून एकदा मोठं भांडण झालं. शरदकाका दोन दिवस राहून परत गेले आणि म्हणाले, मी पूर्ण चौथाई का देऊ? माझे सासरे म्हणाले, खोली तर तुझ्यासाठी अडवून ठेवलेली होती. शब्दानं शब्द वाढला. सख्खे भाऊ त्या दिवाळीला एकमेकांकडे गेले नाहीत. फराळाचा डबासुद्धा गेला नाही. शेवटी भाऊबिजेला आत्यांनी दोघांना आपल्या खोलीवर बोलावलं, एका पाटावर एकाला आणि दुसऱ्यावर दुसऱ्याला बसवलं, आणि ओवाळायच्या आधी तबक खाली ठेवून सांगितलं, "यापुढं वाटणी मी करणार. कबूल असेल तर ओवाळते." दोघांनी कबूल केलं. तेव्हापासून ती गादी त्यांच्याकडे आली.

आणि काय ती वाटणी! मी पहिल्यांदा बघितली तेव्हा थक्क झाले. रोज संध्याकाळी चहा झाला की ओसरीवर सभा भरायची. कागद नाही, पेन्सिल नाही, सगळं तोंडी. आतल्या खोलीत शहाबादी फरशी होती, ती गार. तिथं झोपणाऱ्याला जास्त. गोठ्याच्या भिंतीशी झोपणाऱ्याला सूट, कारण म्हैस पहाटे शिंगं घासायची. खिडकीतून पाणी दिसायचं, त्या खिडकीचे पैसे वेगळे. शरदकाका मोटारीनं यायचे आणि सगळ्यांचं सामान आणायचे, तेवढं त्यांना वजा. पण ते घोरायचे, ते त्यांच्या नावावर चढायचं.

"घोरण्याचे पैसे?" शरदकाका ओरडले. "इंदूताई, हे जगात कुठं नाही!"

"तुझ्यासारखं घोरणंही जगात कुठं नाही," आत्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या शेजारी जो झोपतो त्याला सूट द्यायची. ती कुणी भरायची? मी? हरकत असेल तर आत्ता बोल. घरी जाऊन पुटपुटायचं नाही."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक निकालानंतर त्या ते म्हणत आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत थांबत. मजा अशी, की माणूस हरकत घ्यायला तोंड उघडायचा आणि त्याच्या लक्षात यायचं, की बाईंनी त्याची गैरसोय त्याच्याआधीच धरलेली आहे. माझ्या सासूबाईंना सकाळी लवकर उठून सगळ्यांचं अंघोळीचं पाणी तापवावं लागायचं, हे आम्हां कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आत्यांच्या होतं. त्या वर्षी सासूबाई सभेतून उठल्या त्या मला म्हणाल्या, "इतकी वर्षं पाणी तापवतेय, आज पहिल्यांदा कुणी बोललं बघ."

भागूबाई ओसरीच्या कडेला बसून हे सगळं ऐकायच्या. एकदा पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "आमच्या जमिनीची वाटनी झाली तवा ही बाई पायजे व्हती. चार भावांची डोकी फुटली नसती."

त्या नुसतं बोलून थांबल्या नाहीत. त्यांच्या आणि त्यांच्या दिराच्या परड्याच्या बरोबर हद्दीवर एक फणस होता. त्यावरून दरसाल शिव्या. भागूबाईंनी आत्यांना थेट तिथं नेऊन उभं केलं. आत्यांनी भागूबाईंकडून एक घोंगडं मागितलं, झाडाखाली अंथरलं आणि दुपारभर तिथंच बसून राहिल्या. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "बघ, पानं सगळी दिराच्या अंगणात पडतात. झाडायचं त्याच्या बायकोनं. आणि मुळं हिच्या विहिरीकडं गेलीत, पाणी हिचं पितंय."

दीर आले. चांगले धिप्पाड, मिशीवाले. आत्या त्यांना म्हणाल्या, "फणस निम्मे निम्मे. पण तुमच्या बायकोला एक जास्त, झाडलोटीचा. आणि भागूबाईंना पहिला उतरवलेला, पाण्याचा. हरकत असेल तर आत्ता बोला."

दिरांनी मिशीवरून हात फिरवला. "हरकत न्हाई," ते म्हणाले. "पर बाई, तुमी पुन्याच्या. तुमाला कसं कळलं माजी बायकू झाडती त्ये?"

"खराटा तुमच्या दाराशी आहे," आत्या म्हणाल्या.

संध्याकाळी दोन्ही घरांतून आम्हाला गरे आले. आत्यांनी ते युनिटांप्रमाणे वाटले.

पण मला त्या खऱ्या कळल्या त्या पुढच्या वर्षी. मनोहरराव चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होते. तिथं टाळेबंदी झाली. महिने उलटले तरी दार उघडेना. मे जवळ आला तशी वत्सलाआत्यांनी सांगून पाठवलं, की मुलाला बरं नसतं, यंदा आमचं जमणार नाही. मुलगा तर परवाच आमच्याकडे येऊन अंगणात पळत होता. सगळ्यांना खरं कारण कळत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. शरदकाका म्हणाले, "त्यांचा भाग मी भरतो ना, त्यात काय!"

"असं त्यांच्यासमोर म्हणालास तर बघ," आत्या म्हणाल्या. त्या स्वतः गेल्या आणि काय बोलल्या कोण जाणे, पण ठरलेल्या दिवशी वत्सलाआत्या, मनोहरराव आणि मुलं एसटीतून उतरली.

पहिल्याच संध्याकाळी सभेत आत्यांनी नवीन नियम काढला. चुलीपुढं जो बसेल, त्याची मेहनत भाड्यातून वजा. इतकी वर्षं बायका फुकट राबल्या, ती चूक झाली, म्हणाल्या. सुमनकाकू, म्हणजे शरदकाकांची बायको, टाळ्याच वाजवायला लागल्या. आता आमच्यात भाकरी थापण्यात वत्सलाआत्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या भाकरी त्याच करायच्या. शिवाय मुलं गोठ्याच्या भिंतीशी झोपायला हट्टानं तयार, त्यांना म्हैस आवडायची. आत्यांनी बोटांवर मोजत मोजत हिशेब सांगितला आणि मनोहररावांच्या घराचा भाग वजा होत होत शून्यावर आला.

मनोहरराव उठून उभे राहिले. फार अबोल माणूस. चेहरा असा झाला होता, की मला बघवेना.

"इंदूताई, माझी हरकत आहे," ते म्हणाले. "मला दया नको. उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही जातो."

वत्सलाआत्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझे सासरे काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर आत्यांनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"दया?" त्या कडाडल्या. "मनोहरराव, मी रेशनिंगमध्ये नोकरी करते. माझ्यासमोर रोज माणसं रडतात, एक चमचा साखर मी जास्त दिलेली नाही. तुमच्यावर दया करायला तुम्ही कोण लागून गेलात? माझं पुरतं सांगून झालं नव्हतं. तुम्ही ओसरीवर बसून विड्या ओढता. धूर सगळा आत येतो. शैलाला सकाळी मळमळलं." शैला म्हणजे मी, मला तेव्हा दिवस गेले होते आणि मळमळणं तर रोजचंच होतं. "त्याचा दंड आहे. रोजचा. आणि तो रोख पाहिजे, उधारी चालणार नाही."

मनोहररावांनी विचारलं, "किती?"

आत्यांनी रक्कम सांगितली. ती इतकी किरकोळ होती, की त्यात चहाही आला नसता. पण सांगितली मात्र भुवया चढवून, एखादा गुन्हा सिद्ध झाल्यासारखी.

मनोहररावांनी खिशात हात घातला, नाणी काढली आणि आत्यांच्या तळहातावर ठेवली. आत्यांनी ती नीट मोजली. एक खोटं वाटलं ते परत केलं आणि बदलून मागितलं. तेव्हा मनोहरराव हसले. किती महिन्यांनी हसले असतील कोण जाणे. "घराबाहेर जाऊन ओढली तर?" त्यांनी विचारलं.

"बांधापलीकडं गेलात तर दंड माफ. वारा कुठला आहे बघून जायचं."

दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी आली आणि गेली. मनोहरराव बांधापलीकडं उभे राहून, बोट ओलं करून वारा बघत होते. मुलं त्यांच्याभोवती हसत नाचत होती. त्यांची हरकत पुन्हा निघाली नाही. पावसाळ्यानंतर त्यांना भोसरीकडे दुसरी नोकरीही लागली.

सुटी संपली त्या दिवशी शरदकाकांच्या मोटारीत आणि दुपारच्या एसटीत सगळे पांगले. मला एसटीच्या त्या गर्दीत जाणं नको, म्हणून दिलीप आणि मी एक दिवस मागं थांबायचं ठरवलं. आत्याही थांबल्या होत्या. घर ताब्यात द्यायचं असतं, म्हणाल्या. मला वाटलं, झाडून किल्ली दिली की झालं.

पण भागूबाई शेणाची पाटी घेऊन आल्या आणि दोघी मिळून ओसरी सारवायला बसल्या. मी मदतीला गेले तर भागूबाईंनी मला बसवलं. "तू नगं. पोटुशी हाईस. आमी दोघी दरसाली करतुया ह्ये." मग आत्या हात धुवायला आडाकडे गेल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "तुमची आत्या दरसाली सगळी गेल्यावं एक दिस जास्तीची ऱ्हाती. मी म्हनते, बाई, सारवाया मी हाय की, तुमी कशापायी? तर म्हनती कशी, पुन्याला जाऊन कुलूप मलाच उघडायचं हाय, आजच्या ऐवजी उद्या उघडंन."

आत्या परत आल्या. ओल्या ओसरीकडे बघून, कुठं राहिलं तर नाही ना, हे तपासत राहिल्या. मी काही विचारलं असतं तर त्यांनी मला उडवून लावलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुण्याला आलो. आमचं घर आधी लागत होतं. मी दिलीपला म्हटलं, "आधी आत्यांकडे." आत्या म्हणाल्या, काही गरज नाही, रिक्षाचा उगाच फेरा, तुझी अशी अवस्था. पण दिलीपनं रिक्षा पुढं घ्यायला सांगितली.

संध्याकाळ होत आली होती. जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळात आत्या पिशवीत किल्ली शोधत होत्या. ती सापडली तशी मी त्यांच्या हातातून घेतली. "अगं, ते कुलूप जरा अडतं," त्या म्हणाल्या. खरंच अडत होतं. दोनदा हिसडा दिला तेव्हा उघडलं. मी त्यांच्या आधी आत शिरले, दिवा लावला, खिडकी ढकलून उघडली. स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

मागं वळून बघितलं तर आत्या अजून उंबऱ्याबाहेरच होत्या. चपला काढून, दोन्ही हातांत पिशवी धरून, पहिल्यांदाच कुणाच्या घरी आल्यासारख्या.

"या ना आत्या," मी म्हटलं. "अशा बाहेर काय उभ्या? आत या."