महत्त्वाकांक्षा नसल्याचा पुरावा

रत्नागिरीच्या जल-नमुना पृथक्करण केंद्रात जेवणाची सुटी एक ते पावणेदोन अशी मंजूर होती. एवढ्या वेळात 'टेबल नंबर अकरा' या विनोदी मालिकेचा एक भाग आणि त्यावरील चर्चा बसवायची असल्यामुळे प्रत्यक्ष जेवण कामाच्या वेळेत उरकले जाई. मालिका एका सरकारी कार्यालयाविषयी होती. त्यातील कर्मचारी काम सोडून दिवसभर एकमेकांविषयी बोलतात, हे केंद्रातील सर्वांना अतिशयोक्त परंतु मनोरंजक वाटे.

मालिकेत संस्कृती नावाची एक कनिष्ठ लिपिक होती. ती वेळेवर येई, फाईल परत जागेवर ठेवी आणि साहेबांना चहा हवा का असे विचारी. एवढ्या सामग्रीवर केंद्राचे मुख्य लिपिक दीपक भुवड यांनी सतरा मुद्द्यांचा एक सिद्धांत उभा केला होता. संस्कृतीला साहेबांची खुर्ची हवी आहे, हा त्याचा सारांश. तिने काही केले तर तो डाव होता आणि काही केले नाही तर तो अधिक खोल डाव होता. भुवडांच्या व्हॉट्सॲप गटात चिपळूणपासून राजापूरपर्यंतचे दोनशे अकरा सदस्य होते. आठव्या भागात संस्कृतीने आपणहून अडगळीच्या अभिलेख कक्षात बदली मागितली, तेव्हा त्या गटात त्या दिवशी इतर कोणताही विषय निघाला नाही.

"अडगळीत कोण स्वतःहून जातं?" भुवडांनी मोबाईल टिफिनच्या डब्याला टेकवून विचारले. "सगळ्या फायली शेवटी तिथंच येतात. साहेबांची कुंडली तिथंच. कळलं?"

"अगदी बरोबर!" लिपिक दीपाली म्हणाली. तंत्रज्ञ नितेशनेही मान डोलावली. शिपाई धाकू हसला. तो सर्वच सिद्धांतांना हसत असे.

सहायक रसायनशास्त्रज्ञ अक्षया पाष्टे यांनी इथे चूक केली. रसायनशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणामुळे त्यांना प्रश्न विचारायची सवय लागली होती.

"भुवड, तुमचा सिद्धांत चुकीचा ठरायचा असेल, तर संस्कृतीनं नेमकं काय करायला हवं?"

भुवडांनी डब्याचे झाकण लावले आणि शांतपणे विचारले, "मॅडम, तुम्हाला हे एवढं का लागलं?"

पुढच्या सोमवारी अक्षयाने देवरूखच्या शाखेत बदलीसाठी विनंती अर्ज दिला. शाखा दोन खोल्यांची होती, तिथले पद सात महिने रिकामे होते, आणि एकतीस जुलैपर्यंत ते भरले नाही तर कायमचे रद्द होणार होते. अक्षयाचा नवरा मालवाहू जहाजावर होता. सहा वर्षांची मुलगी सानिका देवरूखला आजीपाशी राहत होती. अक्षया रत्नागिरीत एका खोलीत भाड्याने राहून शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी जाई. अर्जात तिने हे सर्व चार ओळींत लिहिले. पाचव्या ओळीची गरज तिला वाटली नाही.

अर्ज भुवडांच्या टेबलावरून गेला. त्यांनी टिपणी ठेवली: "अर्जदार यांनी स्वेच्छेने गैरसोयीच्या ठिकाणी जाण्याची विनंती केली आहे. कोणताही कर्मचारी असे करत नाही, हे सर्वश्रुत आहे. सबब विनंतीमागील हेतू तपासणे आवश्यक वाटते. आठव्या भागातील घटना तुलनेसाठी अवलोकनार्थ. सादर."

प्रमुख अधिकारी सखाराम मांडवकर यांच्या निवृत्तीला दोन वर्षे होती. टिपणी वाचून त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि अक्षयाला बोलावले.

"पाष्टे मॅडम, तुम्हाला पुढं काय व्हायचंय?"

"घरी जायचंय, सर."

"नाही, नाही. नंतर?"

"नंतर जेवायचं."

मांडवकरांनी शेरा लिहिला: "उत्तरे टाळतात." मग ते समजुतीने म्हणाले, "हे बघा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण फायलीवर प्रश्न आलाय. फायलीवरच्या प्रश्नाला फायलीवरच उत्तर लागतं. तुम्ही महत्त्वाकांक्षी नाही, असा काहीतरी कागद आणा."

असा कागद देणारा सक्षम अधिकारी कोण, याची चौकशी करण्यात चार दिवस गेले. तहसील कार्यालयातल्या बाईंनी उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि जातीचा दाखला मिळेल असे सांगितले. महत्त्वाकांक्षेचा नमुना त्यांच्याकडे आलेला नव्हता. शेवटी अक्षयाने स्वतःच प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला: कोणत्याही वरिष्ठ पदाची मला इच्छा नाही, नव्हती, व ज्ञात परिस्थितीत होण्याची शक्यता नाही. मसुद्यात एकही खाडाखोड नव्हती. भुवडांनी तो दोनदा वाचला आणि त्यावर लिहिले: "इतका निर्दोष मसुदा करण्याची क्षमता पाहता संशय बळावतो."

त्या रात्री देवरूखहून अक्षयाच्या आईचा फोन आला.

"कधी येणार गो तू?" सगुणाबाई म्हणाल्या. "शाळेत घरातल्या माणसांची नावं लिहायला सांगितली होती. सानिकानं माझं लिहिलंन, बापाचं लिहिलंन, मांजराचं पण लिहिलंन."

"आणि माझं?"

"खाली वेगळं लिहिलंन. पाहुणी म्हणून."

अक्षयाने फोन ठेवला. मग तिने महत्त्वाकांक्षेचा हा प्रश्न प्रयोगाने सोडवायचे ठरवले.

केंद्रात पाण्याचा नमुना तपासायला येतो तेव्हा बाटलीवर गावाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. गुहागरचे पाणी गुहागरचे आहे म्हणून गोड लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. हीच पद्धत तिने माणसांना लावली. सहाही कर्मचाऱ्यांच्या एका आठवड्याच्या वागणुकीची नोंद तिने सहा कार्डांवर केली, नावे काढून टाकली आणि क्रमांक नितेशला चिठ्ठ्या टाकून द्यायला लावले. मग ती सोडून उरलेल्या पाच जणांनी सर्वांत महत्त्वाकांक्षी नमुना गुप्तपणे ओळखायचा होता.

निकाल एकमताने लागला. पाचही जणांनी नमुना क्रमांक चार निवडला. त्यावरील नोंद अशी होती: "चार दिवस रजा. कारण विचारले असता केवळ हास्य. परत आल्यावर प्रमुखांच्या केबिनमधला पंखा कुणी न सांगता पुसला. दोन वेळा इतरांच्या आधी हजर."

नमुना क्रमांक चार धाकू होता. भाताच्या लावणीसाठी तो गावी गेला होता. नमुना चारला मत देणाऱ्या पाच जणांत खुद्द धाकूही होता.

"म्हणजे तुमची पद्धत कुणालाही लागू पडते," अक्षया म्हणाली. "आतातरी पटलं?"

"पटलं," भुवड गंभीरपणे म्हणाले. "दोघं आहेत."

दुपारी धाकूच्या नावाने स्वतंत्र फाईल उघडण्यात आली. तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, त्या भुवडान माझी पण फाईल उघडलीन. आता मी काय करू?"

"पंखा पुसू नकोस."

"नाय पुसलाय आज. तर म्हणतात, सावध झालाय."

तीस जुलैला मालिकेचा शेवटचा भाग आला. अभिलेख कक्षाला लागून असलेल्या चाळीत संस्कृतीचे आजारी वडील राहत होते आणि दुपारी त्यांना भात भरवता यावा म्हणून तिने बदली घेतली होती, असे त्यात निष्पन्न झाले. साहेब खुर्चीवर कायम राहिले. भात भरवण्याच्या प्रसंगी दीपालीने डोळे पुसले. अक्षयाने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला, कारण भुवडांच्या सतराही मुद्द्यांचा या एका प्रसंगात निकाल लागला होता.

भुवडांनी मोबाईल बंद केला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

"दुसरा सीझन येऊ दे. हा म्हातारा तिचा बाप आहे, याला पुरावा काय?"

मांडवकरांनी त्याच दिवशी फाईलवर आदेश दिला: "सदर प्रकरणी अंतिम निर्णय दुसऱ्या सीझनच्या प्रक्षेपणानंतर घेण्यात यावा. तोपर्यंत प्रलंबित."

पद रद्द होण्यास एक दिवस उरला होता. अक्षया आपल्या टेबलापाशी जाऊन बसली. हवे ते निष्कर्ष काढणाऱ्या यंत्राला तिने दोन महिने खरी माहिती पुरवली होती आणि ते तसूभर हलले नव्हते. मग तिने माहितीच बदलायचे ठरवले.

एकतीस तारखेला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ती मांडवकरांच्या केबिनमध्ये गेली. तिच्या हातात दोन कागद होते. पहिल्यात तिने बदलीची विनंती बिनशर्त मागे घेतली होती. दुसऱ्याचा विषय होता: "प्रमुख अधिकारी या पदासाठी माझा विचार होणेबाबत."

मांडवकरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "मॅडम, माझी अजून दोन वर्षं आहेत."

"माहीत आहे, सर. मला घाई नाही. मी थांबेन."

"कुठं थांबाल?"

"इथंच. तुमच्या दारासमोरच्या टेबलावर. तिथून आतलं सगळं छान दिसतं."

दुपारी साडेबाराला आदेश निघाला. भुवडांनी तो जेवणापूर्वी टंकलिखित केला. त्यांच्या सेवेतील हा वेगाचा उच्चांक होता. प्रशासकीय कारणास्तव व जनहितार्थ श्रीमती पाष्टे यांची देवरूख शाखेत तात्काळ बदली करण्यात येत होती. विनंती मान्य झाल्याचा उल्लेख त्यात कटाक्षाने टाळला होता. अक्षयाने चेहरा शक्य तेवढा पाडून सही केली आणि दोनची एसटी पकडली.

संध्याकाळी भुवडांनी गटावर अठरावा मुद्दा प्रसिद्ध केला: पाष्टे मॅडमनी डाव रचून हवी ती जागा मिळवली. त्याला एकशे नव्वद जणांनी अंगठा दिला. शास्त्रीय काटेकोरपणा पाळायचा तर हे मान्य करावे लागेल की, या क्षणी भुवडांचे विधान अक्षरशः खरे होते. ते खरे होईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही, एवढीच त्यांची कामगिरी.

देवरूखला रुजू झाल्यावर अक्षयाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे शाखेचा गळका नळ बसवून घेतला. प्लंबरला इतर दिवशी वेळ नव्हता, म्हणून रविवारी. आणि सुटीचा दिवस मुलीशिवाय कशाला घालवायचा, म्हणून सानिकाला सोबत नेऊन. मुलगी बादलीपाशी बसून थेंब मोजत होती. नळ दुरुस्त झाला, आकडे संपले आणि दोघी घरी आल्या.

आता, कार्यालयाची किल्ली रविवारी तिच्याकडे कशी, आणि मुलीला साक्षीला नेण्याचे नेमके प्रयोजन काय, असे ज्या वाचकाच्या मनात एवढ्यात येऊन गेले असेल, त्याने संकोच करू नये. भुवडांच्या गटात अजून जागा आहे.