प्रत्येक होडीला एक होडी

पाण्यावरचे बहुतेक अपघात पाण्यावर गेल्याने होतात, हे सत्य आमच्या ह्यांनी नोकरीत असतानाच ओळखले होते. नौका-सुरक्षेच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षे काढली आणि मागे एकच, पण भक्कम गोष्ट ठेवली : नियम सतरा. ‘प्रत्येक नौकेसोबत, मग ती नौका कितीही लहान असो, तिच्याहून लहान अशी एक बचाव-होडी असलीच पाहिजे.’ यातले ‘मग ती नौका कितीही लहान असो’ हे शब्द संपूर्णपणे त्यांचे. (नियम मंजूर झाला त्या दिवशी ते मिठाई घेऊन घरी आले होते. मी ती खाल्ली, तेव्हा थोडा दोष माझ्याकडेही येतो.)

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच शिडाची लाकडी बोट बांधायला घेतली. कारण मीच. माझी अक्का खाडीपलीकडे राहते. मधले पाणी वीस मिनिटांचे. लाँच दर अर्ध्या तासाला सुटते, पण ह्यांनी ती एकदा तपासली होती, आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या कोणी तिच्यात पाय ठेवलेला नाही. अक्काकडे न्यायचे तर आपल्याच बोटीतून, असा त्यांनी शब्द दिला. पहिली फळी घरात आली तेव्हा मी केस सुकवत बसले होते. केस बरेचसे काळे होते, एवढे सांगितले की तारीख सांगायला नको.

घरात बांधलेली बोट बाहेर काढणार कशी, असे लोक विचारत. आमच्या ह्यांना इतके कच्चे समजू नये. त्यांनी बोटीच्या आधी दिवाणखान्याची रस्त्याकडची भिंतच काढली आणि तिथे शीड टांगले. गेली सोळा वर्षे आम्ही तीन भिंती आणि एका शिडात राहतो. (वारा सुटला की घर पुढे सरकल्यासारखे वाटते. सरकलेले नाही, ह्यांनी मोजले आहे.)

पाच वर्षांत बोट झाली. चोवीस फूट, सांध्यांत काथ्या ठासलेला, रंधा असा मारलेला की हात फिरवत राहावे. तिची आठ फुटी बचाव-होडी पाहुण्यांच्या खोलीत झाली. अक्काला फोन गेला. मी कपड्यांची पिशवी भरली. मग बंदराच्या कचेरीतला कारकून नोंदणीसाठी आला. त्याने दोन्हींना वळसा घातला आणि अदबीने म्हणाला, “साहेब, बोटीची होडी दिसली. या होडीची होडी कुठंय?”

दुसरा कोणी चिडला असता. ह्यांचे डोळे भरून आले. नियम सतरा कोणी शेवटपर्यंत वाचल्याचे ते पहिलेच उदाहरण होते. मी पिशवी रिकामी केली.

तिसरी, चार फुटी, जेवणाच्या टेबलावर झाली. (आम्ही तेव्हापासून ताट मांडीवर घेतो.) चौथी कपाटावर मावली. पाचवीची वल्ही आगकाड्यांची होती. सहावीला तर राळेचा एक थेंब पुरला, आणि तोही जास्तच झाला. दरवेळी कारकून येई, वाकून पाही आणि तोच प्रश्न विचारी. फक्त दरवेळी त्याच्या डोक्यावरचे केस कमी झालेले असत. या सोळा वर्षांत लाँचने सुमारे एक लाख त्रेसष्ट हजार फेऱ्या केल्या. त्यांत बुडाली एक छत्री. ह्यांच्या मते हे निव्वळ नशीब, आणि नशिबाचा उल्लेख नियमांत कुठेही नाही.

अक्का दर रविवारी फोन करी. आधी विचारायची, “कधी येतेस गं?” मग, “बोट कुठवर आली?” पुढेपुढे, “आता केवढी उरली?”

सहावीपाशी कारकूनच थकला. म्हणाला, हिच्यात मुंगी बसायची नाही, हिला नौका म्हणायचे का? नियमात बघितले, तर नौका कशाला म्हणावे हे लिहायचेच राहिले होते. ह्यांनी रंधा ठेवला आणि व्याख्या लिहायला बसले.

त्याच सुमारास ब्याऐंशी वर्षांची अक्का स्वतःच आली. लाँचने. काठीने शीड बाजूला सारून ती आत शिरली, तर ह्यांनी पाण्याच्या आधी प्रश्न पुढे केला. “अक्का, लाँचवर बचाव-होडी होती का?”

“होती की. तिच्यात कोंबड्या होत्या.”

“आणि त्या होडीची होडी?”

“कोंबड्यांनी काही विचारलं नाही बाई,” अक्का माझ्याकडे बघून म्हणाली.

ह्यांनी अक्काचा परतीचा प्रवास तत्काळ स्थगित केला. आपली बोट पाण्यात उतरेपर्यंत तिने इथेच राहायचे, मग ते स्वतः तिला पोचवतील. आम्ही दोघी बोटीवरच्या केबिनमध्ये झोपतो, घरात धड चार भिंती तिथेच आहेत. समोरासमोरच्या फळ्यांवर पडून आईचा लाडका कोण होता यावर भांडतो. साठ वर्षांचे भांडण साठले आहे. घाई करून चालणार नाही.

व्याख्या महिन्याभरात तयार झाली. ह्यांनी ती आम्हाला वाचून दाखवली. निर्दोष होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग मी फार काळजीने विचारले, “कागदाची होडी यात येते का हो?”

ते पुन्हा तीन महिने लिहीत बसले. त्यानंतर अक्काला रिकाम्या पिंपाची काळजी वाटली. सध्या आठवा मसुदा चालू आहे. भोपळ्याचा प्रश्न आम्ही राखून ठेवला आहे.

तुम्हाला हसू आले असेल. तुमच्याही घरात एखादे काम वर्षानुवर्षे होत आलेले असेलच. घरातल्या कोणी अलीकडे त्याबद्दल फार आपुलकीने एखादी शंका विचारली होती का, तेवढे जरा आठवून पाहा.