अर्धी फुगडी

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. माघ लागला तेव्हा करंजवाडीच्या रत्नाला पाचवा महिना होता, आणि तिची आई आणि तिची सासू एकमेकींशी बोलत नव्हत्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. पण त्यासाठी आईनं न्यायला यायला हवं, नाहीतर सासूनं बोलावणं धाडायला हवं. लग्नाला अकरा महिने झाले तरी दोन्हींतलं काहीच झालं नव्हतं. रत्नाची पहिली दिवाळी सासरी गेली, पहिली संक्रांत सासरी गेली. माहेर तरी किती लांब? मुळा नदीच्या पलीकडे, धामणवाडीत. मागच्या दारात उभं राहिलं की आईच्या चुलीचा धूर दिसायचा. आज आईनं चूल उशिरा पेटवली, एवढं रत्नाला कळायचं. का उशीर झाला, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

भांडणाचं मूळ साट्यालोट्यात होतं. रत्ना जयसिंगाला दिली, आणि जयसिंगाची बहीण जया रत्नाच्या भावाला, भैरूला. एकाच दिवशी, पौडला देवळासमोर, एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकली. पोरी डोळ्यांसमोर राहतील, असा दोन्ही बापांचा, जयसिंगाकडच्या हैबतरावांचा आणि रत्नाकडच्या कोंडिबाचा विचार. पण एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. साध्या लग्नात एक वरमाय असते आणि एक मुलीची आई. एकीनं रुसायचं, दुसरीनं समजूत काढायची. कामं वाटून दिलेली असतात. इथे दोघीही वरमाया आणि दोघीही मुलीच्या आया.

विहिणीच्या पंगतीला ते उघडं पडलं. रंभाबाई, म्हणजे रत्नाची सासू, वरमायेच्या मानानं पाटावर बसल्या. समोरच्या पाटावर सगुणाबाई, रत्नाची आई, त्याच मानानं बसल्या. आता हिनं उठून वाढावं म्हणून ती वाट बघते, तिनं उठून वाढावं म्हणून ही. भात गार झाला, तूप थिजलं, उदबत्ती विझली. शेवटी दोघी उपाशी उठल्या आणि आपापल्या नव्या सुनेला घेऊन आपापल्या गावी गेल्या. त्यानंतर आधी पाऊल कुणी टाकायचं, एवढाच प्रश्न उरला. रत्नाला धाडलं तर जयाला आणायला हवं, जयाला धाडलं तर रत्नाला. पारडी अशी बरोबरीची की एकही हलेना.

दिवाळीच्या आधी नदीवर झुलता पूल झाला. लोखंडी दोर, त्यांवर सागाच्या फळ्या, आणि दोन्ही टोकांना एकेक लहानशी सरकारी बाग. रविवारी पुण्याची मंडळी एस.टी.नं यायची, पुलावर झोके घ्यायची, फोटो काढायची. पूल अरुंद. समोरून कुणी आलं तर एकानं अंग चोरून बाजूला उभं राहावं लागे. टोकाला पाटी होती, ‘एका वेळी सहा माणसे’. ती पाळली जाते की नाही हे बघायला डोंगरातल्या वाडीचा बुधा नेमलेला होता. त्याला खाकी सदरा होता आणि शिट्टी होती.

जयसिंग आणि भैरू हे एकमेकांचे दाजीही होते आणि मेव्हणेही. दोघांनी पौडच्या एस.टी. स्टँडवर चहा पिता पिता बेत केला. रविवारी दोन्ही घरांनी शिदोऱ्या घेऊन पूल बघायला यायचं, अगदी सहज. हे ठरलं; पण पूल कुणी ओलांडायचा, ते ठरवायच्या आत एस.टी. आली. मग दोघांनी घरी जाऊन आपापल्या आईला एकच गोष्ट सांगितली. “त्या पूल उतरून आपल्याकडं येनार हायेत. तू निस्तं काठापातूर चल.”

झालं. रविवारी दहा वाजता रंभाबाई हिरवं इरकल नेसून, पुरणपोळ्यांची पाटी घेऊन अलीकडच्या बागेत बसल्या. सगुणाबाई तशीच पाटी घेऊन पलीकडच्या बागेत बसल्या, जया त्यांच्या शेजारी. कोंडिबा तर सकाळी आठलाच पूल ओलांडून हैबतरावांकडे येऊन बसला होता. दोघं व्याही करंजाखाली तंबाखू मळत होते. पुरुषांच्या जाण्यायेण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

रत्नाला मात्र सासूनं घरूनच बजावलं होतं, “पोटुशीनं त्या लोंबत्या फळ्यांवर पाय ठेवायचा न्हाई.” ती सिमेंटच्या बाकड्यावर बसून आईचं लुगडं ओळखायचा प्रयत्न करत होती.

अकरा वाजले. ऊन पुरणाच्या पाटीवर आलं.

“येनार हुत्या न्हवं?” रंभाबाईंनी विचारलं.

“येतील की,” जयसिंग म्हणाला. “लांबनं यायचं म्हंजी...”

“लांबनं? हितनं त्येंच्या नाकातली नथ दिसतीया मला.”

तिकडे सगुणाबाई नीट दिसावं म्हणून उठल्या, आणि कपाळावर हात धरून पुलाच्या पहिल्या फळीवर उभ्या राहिल्या. रंभाबाईंना वाटलं, निघाल्या एकदाच्या. पाहुणी येते आहे म्हटल्यावर चार पावलं सामोरं जाणं हा काही कमीपणा नव्हे, तो आपला चांगुलपणा. त्या चार फळ्या पुढे झाल्या. सगुणाबाईंनी ते पाहिलं. विहीण येते आहे म्हटल्यावर त्याही चार फळ्या सामोऱ्या गेल्या. ते बघून रंभाबाई आणखी चार. अशा दोघी एकमेकींचं स्वागत करत करत पुलाच्या ऐन मध्यावर येऊन पोचल्या.

नदीवरून आवाज स्वच्छ येतो. रत्नाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“या इनबाई,” रंभाबाई म्हणाल्या.

“तुमीच या.”

“आमी तुमास्नी न्यायलाच आलोय.”

“आन आमी काय हितं वारं खायला आलोय?”

दोघी अगदी गोड बोलत होत्या. पुरण गार होतंय, जागा सावलीची आहे, जया वाट बघतेय, रत्ना वाट बघतेय, असं सगळं सांगून झालं. पण अंग चोरून बाजूला व्हायला कुणी तयार नव्हतं.

खोळंबा वाढला. अलीकडे पुण्याचं एक जोडपं कॅमेरा घेऊन उभं, त्यांच्यामागे गवताचा भारा घेतलेली बाई, आणि तिच्यामागे एक धनगर अकरा शेरडं घेऊन. बुधानं शिट्टी वाजवली. मग तो म्हणाला, “बाय, लोकं खोळंबल्याती. कुनीतरी येक मागं सरा.”

तो ‘मागं’ म्हणाला तिथेच चुकला. दोघींनी फळीवर पाय आणखी घट्ट रोवले.

धनगराला घाई होती. त्यानं शेरडं पुढे घातली. बुधानं काठी आडवी धरली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “पाटीवर मानसं लिवल्याती. शेरडं कुटं लिवल्याती?” बुधानं पाटीकडे बघितलं. त्याला ती पाठ होती, तरी त्यानं पुन्हा बघितलं. तेवढ्यात अकरा शेरडं टपटपत पुलावर गेली, आणि दोघी विहिणींच्या लुगड्यांच्या घोळांतून वाट काढत पलीकडे निघाली.

पूल पाळण्यासारखा हलायला लागला. सगुणाबाईंनी रंभाबाईंचा पदर धरला, रंभाबाईंनी सगुणाबाईंचं कोपर धरलं, आणि दोघी एकदमच खाली बसल्या. आयांना धरायला म्हणून एका टोकाकडून जयसिंग धावला, दुसऱ्या टोकाकडून भैरू. त्यासरशी पूल दुप्पट हलला.

“तितंच थांब, मुडद्या,” दोघी एका सुरात ओरडल्या. अकरा महिन्यांत त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

शेरडं गेली, पोरं परतली, पूल हळूहळू निवला. दोघी तशाच एकमेकींना धरून बसलेल्या. खाली मुळेचं हिरवट पाणी संथ चाललेलं. रंभाबाईंचा पदर न सोडताच सगुणाबाई म्हणाल्या, “पोरीला पाचवा लागला म्हनं.”

“कुनी सांगितलं?”

“गिरनीत कळालं. तुमी कुटं कळवलंत?”

“तुमी कुटं इचारलंत?”

 मग सगुणाबाईंनी पाण्याकडे बघतच विचारलं, “खाती का नीट?”

“तोंडानं काय मागत न्हाई. पन करपलेली भाकर दिसली की तीच उचलती. म्हनून रोज येक भाकर मी मुद्दाम करपवतीया.”

बाकड्यावर बसलेल्या रत्नानं मान खाली घातली. सासूला हल्ली तव्यावरचं दिसत नाही, असं तिनं कालच जयसिंगाला सांगितलं होतं.

“मीबी तशीच खायाची,” सगुणाबाई म्हणाल्या. “हिच्याच येळंला.” मग रंभाबाईंकडे वळून, “न्यायला येऊ का तिला?”

“या की. कवाबी या.”

“आत्ताच येते. वाट द्या.”

“वाट मीच का म्हनून द्यायची?”

 इतकं सगळं होऊन गाडी पुन्हा पौडच्या मांडवात येऊन उभी राहिली होती. आज या दोघी अशाच आपापल्या काठाला परतल्या, तर पुन्हा कुणी त्यांना इथवर आणणार नव्हतं. ती उठली. समोर सासरा बसलेला, अनोळखी माणसं उभी, हे सगळं विसरून ती मोठ्यानं म्हणाली, “आये, आत्याबाई, हात धरा आन अर्धी फुगडी घाला. कुनालाच मागं सराया नगं.”

हैबतरावांची मळलेली तंबाखू हातातच राहिली. सून एवढी मोठ्यानं बोललेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

पुलावर दोघी विहिणी एकमेकींकडे बघत उठल्या. हात धरले, पाय पायाला लावले. सगुणाबाईंनी हळूच विचारलं, “झेपंल न्हवं?” रंभाबाई म्हणाल्या, “तुमी पडू नगा म्हंजी झालं.” आणि अर्धा फेरा झाला, अलगद. कुणी मागे सरलं नाही, कुणी अंग चोरलं नाही; फक्त एकीच्या जागी दुसरी आली. कॅमेरावाल्याच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या.

हात सोडून दोघींनी एकमेकींकडे पाठ केली. आता दोघींच्याही समोर मोकळ्या फळ्या होत्या. पण तोंड होतं ते विहिणीच्या काठाकडे. आपल्या काठाकडे वळायचं म्हणजे मागे फिरायचं. तेव्हा दोघी सरळ पुढे चालत राहिल्या. सगुणाबाई करंजवाडीच्या काठाला लागल्या, रंभाबाई धामणवाडीच्या.

आईनं रत्नाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.  रत्नानं पाटी सोडली, पान मांडलं, दोन पोळ्या वाढल्या, वर तूप सोडलं. सगुणाबाईंनी पान बाजूला सारलं. नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा त्या पिणार नव्हत्या.

“हे माझं घर हाय व्हय?” रत्ना म्हणाली. “बाग सरकारची हाय. जेव गुमान.”

सगुणाबाईंनी बागेकडे बघितलं, पुलाच्या टोकावरच्या पाटीकडे बघितलं, बुधाच्या खाकी सदऱ्याकडे बघितलं. सगळं सरकारीच होतं. त्या जेवल्या. पलीकडे जया आपल्या आईला वाढत होती. अकरा महिन्यांपूर्वी मोडलेली विहिणींची पंगत अशी नदीच्या दोन काठांवर एकाच वेळी पार पडली, आणि दोघींनाही वाढायला आपापली लेकच होती.

ऊन उतरल्यावर दोघी घरी निघाल्या आणि पुलाच्या मध्यावर पुन्हा समोरासमोर आल्या.

“आधी तुमी जावा,” रंभाबाई म्हणाल्या.

“छे, आधी तुमी.”

“तुमी थोरल्या.”

“कोन म्हनतं?”

बुधा बराच वेळ बघत राहिला. मग शिट्टी खिशात घालून म्हणाला, “बाय, फुगडी घाला आन जावा घरला. अंधार व्हतोय.”

रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात रत्ना माहेरी गेली. पुलावर पाय ठेवायची बंदी सासूनं उठवली नव्हती, म्हणून समोर दिसणाऱ्या गावाला ती बैलगाडीनं पौडावरून वळसा घालून दुपारी पोचली. त्याच दिवशी जया पुलावरून पाच मिनिटांत माहेरी आली. रत्नाला मुलगी झाली. बारशाला रंभाबाईंनी बाळ पाळण्यात घालायच्या आधी पाटीतून काय काढलं असेल, तर एक करपलेली भाकरी.

बुधानं साहेबांच्या मागे लागून पाटी बदलून घेतली. ‘एका वेळी सहा माणसे, शेरडे धरून.’ त्या पाटीखाली त्यानं पंधरा वर्षं काढली. जयसिंग आणि भैरूनं भागीत नदीवर पाणी उपसायचं इंजिन बसवलं आणि कोणत्याही बेताची तड चहा संपायच्या आत लावायची, असं ठरवून घेतलं. कोंडिबा आणि हैबतराव शेवटपर्यंत एकाच चंचीतली तंबाखू खात राहिले. हैबतराव गेल्यावर ती चंची कोंडिबानं जयाकरवी मागून घेतली. पूल पुढे काढला आणि सिमेंटचा झाला. आता त्यावरून दोन ट्रक समोरासमोर आले तरी कुणाला अंग चोरावं लागत नाही.

रत्नाच्या त्याच मुलीचं लग्न झालं तेव्हा दोघी विहिणी म्हाताऱ्या होत्या. पौडलाच, देवळासमोर मांडव. घरच्यांनी आठवणीनं दोघींसाठी दोन पाट मांडले, पानं वाढायला घेतली. सगुणाबाई रंभाबाईंचा हात धरून म्हणाल्या, “बसा इनबाई, मी वाढते.” रंभाबाईंनी त्यांच्या हातातलं भाताचं ताट धरलं. “तुमी बसा. त्या येळंचं ऱ्हायलंय माझं वाढायचं.” ताट या हातातून त्या हातात जात राहिलं, पाट रिकामेच राहिले, आणि भात पुन्हा गार झाला.