एक नंबरचा मान

सुमैराची मुलाखत चार वाजता होती आणि पावणेतीनलाच घरातलं इंटरनेट आजारी पडलं. पुरतं मेलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. पण ते मधेच डोळे उघडायचं, दोन मिनिटं घरातले मोबाईल चालायचे आणि पुन्हा सगळं गपगार. कम्प्युटरवर तर तेवढीही धुगधुगी नव्हती.

"अब्बा, सकाळपर्यंत नीट चालत होतं हो!" सुमैरा रडकुंडीला आली होती.

"यंत्रच ते. चालतं, बंद पडतं," बाबाजान म्हणाले आणि पंख्याकडे बघत बसले.

काय झालं असेल याचा बाबाजानना थोडा अंदाज होता. पण थोडाच, आणि तेवढ्यासाठी आपण होऊन तोंड उघडावं असं त्यांना वाटत नव्हतं.

बाबाजान भिंगारच्या लष्करी छावणीतल्या एका स्टोअरमध्ये चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. तिथे खुर्चीपासून बादलीपर्यंत प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचा आणि एकदा टाकला की वस्तू मोडीत निघेपर्यंत तो बदलायचा नाही. ही शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. त्यात स्वभाव चौकस आणि निवृत्तीमुळे हात रिकामे. बायकोचे, म्हणजे मेहताबचे, स्वयंपाकघरातले डबे झाले, गच्चीवरच्या कुंड्या झाल्या. मग कम्प्युटरलाही नंबर असतो असं त्यांना एका व्हिडिओत कळलं. सोमवारी बघितलं तर त्या लांबलचक नंबराच्या शेवटी सात, आणि मंगळवारी बघावं तर चार!

घरातल्या यंत्रांना हे नंबर वायफायचा डबा वाटतो आणि मनाला येईल तेव्हा बदलतो, हे समजल्यावर तर त्यांचं डोकंच फिरलं. म्हणून आज जेवणानंतर, मायलेकींचा डोळा लागलेला बघून, त्यांनी कम्प्युटरला कायमचा नंबर देऊन टाकला. कोणता द्यायचा हा प्रश्नच नव्हता. घरातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं यंत्र ते. सेवाज्येष्ठतेने एक नंबरचा मान त्याचाच.

आणि नेमकी आजच मुलाखत. पुण्याच्या कंपनीतली, पण घरी बसून करायची नोकरी. मोबाईलवर चालणार नाही, कम्प्युटरच हवा, असं कंपनीने आधीच कळवलेलं. ही मिळाली तर पोरगी घरात राहणार होती, नाहीतर पुण्याला होस्टेलवर जाणार होती. ती जाऊ नये असं मेहताब रोज बोलून दाखवायची. बाबाजान बोलत नसत, पण होस्टेलचं नाव निघालं की उठून गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे.

सव्वातीनला इंटरनेटवाला हनुमंत आला. त्याने डबा बंद करून चालू केला, वायर बदलली. फरक शून्य. मग त्याने कम्प्युटरची वायर उपटली आणि काय आश्चर्य, सगळे मोबाईल धडाधड चालू झाले! वायर पुन्हा लावली की बंद. हनुमंतने पेचकस काढून कम्प्युटरचं पोट उघडलं.

"ह्याचं कार्ड गेलंय, चाचा. नवं आनायला नगरात जावं लागंल. जाऊन येईस्तवर तासभर तरी लागतोय."

घड्याळात तीन चाळीस झाले होते. सुमैरा शांतपणे उठली आणि मुलाखतीसाठी घातलेली नवी ओढणी घडी करायला लागली. ते मात्र बाबाजानना सहन झालं नाही.

"हनुमंता," ते खाकरले, "नंबर बदलला तर असं हुतं का रे?"

"कशाचा नंबर?"

"कम्प्युटरचा. मी एक नंबर दिलाय त्याला."

हनुमंतच्या हातातला पेचकस खाली पडला. "आवो चाचा, एक नंबर डब्याचा असतोय! घरातलं समदं त्याला रस्ता इचारून भाहेर जातंय. आता एका नंबराचे दोघं झाल्यावर मोबाईलनं इचारायचं कुनाला? आन् खाली गेटवेच्या रकान्यात काय लिवलं?"

"तितं बी तेच. व्हिडिओत तसंच हुतं."

"म्हंजी कम्प्युटर भाहेरचा रस्ता सोतालाच इचारतोय!"

"आसं व्हय?" बाबाजानचे डोळे चमकले. "मग तो सोताला काय सांगतो?"

"अब्बा!" सुमैरा ओरडली.

हनुमंतने नंबर पुसला आणि नंबर वाटायचं काम पुन्हा डब्याकडे सोपवलं. कम्प्युटरचं पोट मिटून पडद्यावर पुण्याचे साहेब दिसेपर्यंत चार वाजून सहा मिनिटं झाली. बाबाजान दाराच्या पडद्याआड उभे राहिले.

"उशीर का झाला?" साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला.

एका घरात दोन एक नंबर कसे झाले, हे सुमैराने असं सोपं करून सांगितलं की साहेबांना हसू आवरेना. हसता हसता ते एकदम थांबले.

"पण असा नंबर टाकला की कम्प्युटर सांगतो, हा दुसऱ्याचा आहे म्हणून. त्याने सांगितलं नाही?"

सुमैराने मागे वळून पाहिलं. दाराचा पडदा हलला.

"सांगितलं हुतं, साहेब," बाबाजान पुढे येऊन म्हणाले. "मग मी डबा बंद केला, ह्याला नंबर दिला आन् डबा परत चालू केला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या हापिसात तसंच करायचे, साहेब. खुर्चीवर कुनी बसलेलं आसलं, की तो चहाला जाईस्तवर थांबायचं."

पडद्यावरचा साहेबांचा चेहरा तसाच थिजला. इंटरनेट पुन्हा गेलं की काय म्हणून हनुमंत वायर चाचपू लागला.

शुक्रवारी पत्र आलं. नोकरी मिळाली होती. कंपनी स्वतःचा लॅपटॉप पाठवणार होती. मेहताबने शिरा केला आणि आनंदाच्या भरात साखर दोनदा घातली. बाबाजानच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून त्यांनी चष्मा लावला आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. सातव्या अटीशी ते थबकले. 'सदर लॅपटॉप कुटुंबातील इतर कोणी, विशेषतः वडिलांनी, हाताळू नये.'

सुमैराने घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. बाबाजान ती ओळ तिसऱ्यांदा वाचत होते आणि त्यांची छाती हळूहळू फुगत होती. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या एकट्यासाठी लेखी आदेश कधी निघाला नव्हता.

"सुमे," ते म्हणाले, "ह्याची एक झेरॉक्स काढून आन. माझ्या सर्व्हिसच्या फायलीत लावतो."