बिनचित्रांचं पत्र

फोन वाजला की दचकायचं, बेल वाजली की दचकायचं, आणि काहीच वाजलं नाही तर ‘आता काय होणार’ म्हणून दचकायचं, अशा स्वभावाच्या मुलीला कोणी काही ठरवायला सांगू नये. पण हे गाद्यांच्या दुकानाच्या मालकांना कोण सांगणार? त्यांनी बिलाच्या काउंटरवरून तिला उठवून जाहिरातीच्या टेबलावर बसवलं आणि म्हणाले, “ईमेल दोन प्रकारची असते. एक चित्रांची, रंगीबेरंगी. दुसरी साधी, नुसत्या अक्षरांची. यादीतल्या गिऱ्हाइकांना कुठली पाठवायची ते तू ठरव. शिकलेली आहेस.”

“आणि... चुकलं तर?”

“तर बिलाचं काउंटर आहेच. आठवड्याभरात एक तरी माणूस ईमेल वाचून या दारातून आत आला पाहिजे.”

तिने आधी चित्रांची ईमेल केली. ढगावर तरंगणारी गादी, त्यावर झोपेतही हसणारं जोडपं, खाली चमचमणारं बटण. नमुना म्हणून नवऱ्याला पाठवली. त्याच्या फोनवर ढग उतरलेच नाहीत. आले ते रिकामे चौकोन आणि त्या जोडप्यातल्या पुरुषाचे नुसते पाय.

“छान आहे,” नवरा म्हणाला. “पण हा कोण गेला?”

तिच्या हातातला चहा बशीत सांडला.

“अगं, साधं लिही. माणूस माणसाला लिहितो तसं. दुकानाची पाटी नको, बटण नको. पत्ता तेवढा दे आणि खाली तुझं नाव टाक. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, कोणीतरी आपली आठवण काढली!”

(नवऱ्याचा जाहिरातींशी संबंध काय, तर टीव्हीवर त्या लागल्या की तो पाणी प्यायला उठतो. पण घाबरलेल्या माणसाला ठामपणे बोलणारा कोणीही तज्ज्ञच वाटतो.)

मग तिने लिहिलं: ‘बरेच दिवस झाले, तुम्ही फिरकला नाहीत. आमचं काही चुकलं का? तुमच्या पाठीची आम्हाला काळजी आहे. एकदा येऊन पाठ टेकून तर पाहा. घाई नाही, हवा तितका वेळ पडून राहा.’ खाली दुकानाचा पत्ता आणि आपलं नाव टाकून, डोळे मिटून तिने ती ईमेल यादीभर सोडली.

आता, ही यादी मुळात फार किडकिडीत होती. ती जरा अंगानं भरलेली दिसावी म्हणून तिने आधीच तिच्यात दोन्हीकडचे नातेवाईक कोंबले होते. त्यात सासूबाईही होत्या. मागच्या खेपेला हॉलमधल्या पापडासारख्या गादीवर झोपून पाठ धरल्यामुळे तिसऱ्याच दिवशी निघून गेलेल्या सासूबाई! “सून गाद्यांच्या दुकानात आणि सासू लाद्यांवर!” हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यानंतर अबोला.

उत्तरं आली. एका बाईंनी विचारलं, ‘आमच्या ह्यांच्या पाठीची काळजी करणारी तू कोण?’ एका गृहस्थांनी कळवलं, ‘तुमचं पत्र बायकोने वाचलं. सध्या सोफ्यावर झोपतो. गादीची फार गरज आहे, पण पाकीट तिच्याकडे आहे.’ दारातून मात्र कोणी आलं नाही.

आठवडा संपला. ती टेबलाचा खण रिकामा करत होती, तेवढ्यात दार उघडलं. आधी एक फुगलेली बॅग आत आली आणि तिच्यामागून सासूबाई.

“तुझं पत्र वाचून आले.”

“ऐकलंस?” मालक खुर्चीतून उडालेच. “पत्र वाचून आल्या! या, या, बसा!”

“बसते कसली, पडतेच. तसंच लिहिलंय हिनं.” सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. “मी म्हटलं होतं, आधी ती बोलेल तेव्हाच मी बोलेन. पण तू तर ‘आमचं काही चुकलं का’ म्हणून विचारलंस गं! सुनेला एवढं मोठं मन लागतं.”

ही जाहिरात आहे, हे सांगायला तिने तोंड उघडलं. मग मिटलं. खरं सांगितलं तर सासूबाई जातील आणि टेबलही जाईल. नाही सांगितलं तर दोन्ही राहतील. पुन्हा दोनच प्रकार, आणि निवडण्यात तिचा हात कसा आहे हे एव्हाना सिद्धच झालं होतं.

“आई,” तिने चाचरत विचारलं, “किती दिवस... म्हणजे, राहाल ना?”

“घाई नाही, असं तूच लिहिलंयस.”

सासूबाई एकेक गादी दाबत, त्यावर पडत, कुशी बदलत दुकानभर फिरल्या आणि सगळ्यांत जाड, सगळ्यांत महाग गादीवर स्थिरावल्या. “ही घरी पाठवा.”

“बिल कोणाच्या नावाने?” मालकांनी अदबीने विचारलं.

सासूबाईंनी डोळेही उघडले नाहीत. “जिने बोलावलं तिच्या.”

काउंटरवर तिच्या जागी अजून कोणी नेमलेलं नव्हतं. ती निमूटपणे तिथे जाऊन बसली आणि स्वतःचं बिल स्वतःच्याच हाताने फाडलं.

मालक मात्र खूश होते. तिच्या खांद्यावरून यादीत डोकावत म्हणाले, “साधा प्रकारच चालतो बघ! आता सांग, यात तुझ्या माहेरची माणसं किती आहेत?”