हिरव्या पिशवीतली म्हातारी

बुधवारी दुपारी एक चाळीसला वस्तीवरच्या शाळेतून कुंडलिक गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, पुस्तक वाचून संपलं. पोरांनी खुणा केल्यात. पण ती म्हातारी मेली ना, तीनचार पोरींनी डबाच खाल्ला न्हाई."

तेजस्विनीच्या हातातली पेन्सिल थांबली. तिने शाळेत पाठवलेल्या पुस्तकात म्हातारी नव्हती. त्यात दाढ दुखणारा बिबट्या होता.

"कुठली म्हातारी, गुरुजी?"

"असं काय करता? गुळाचा डबा लपवती ती. वर तुमचंच नाव बघितलं, म्हटलं मॅडमनी या वेळेला स्वतःच लिहिलंय पोरांसाठी. सहाव्या प्रकरणात जरा नवराबायकोचं व्हतं, तिथं मी मधली सुट्टी करून टाकली. बाकी सगळं वाचलं."

तेजस्विनी खुर्चीत बसली. खुर्चीत ती आधीपासून होतीच, पण आता खरी बसली.

खोडदला राहून ती पुण्याच्या एका प्रकाशनासाठी मुलांच्या गोष्टी संपादित करते. या कामाची तिची एक पद्धत आहे आणि त्या पद्धतीला लेखक मंडळी टरकून असतात. गोष्ट आली की लेखकाच्या नावाचं पान काढून ती चौथीच्या वर्गात जाते. गुरुजी रोज थोडी मोठ्याने वाचतात, मुलं हात वर करतात आणि त्या दिवशी ज्यांची पाळी असेल ते दोघं समासात पेन्सिलीने खुणा करतात. हसू आलं तिथे बरोबरची खूण, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, कंटाळा आला तिथे उभी रेघ. रेघेवर अपील नाही. 'मुलांनी सांगितलं म्हणजे सांगितलं,' हे वाक्य तिने नऊ वर्षांत सत्तरएक लेखकांना लिहिलं होतं. त्यांतले दोघे अजून बोलत नाहीत.

तिचं दुसरं काम कादंबरीचं. तिथे ती संपादक नसते, लेखक असते आणि बाकीच्या लेखकांइतकीच हट्टी असते. सात वर्षांत कादंबरी एकच झाली होती, तीही मोठ्यांसाठी. पुण्याच्याच दुसऱ्या एका प्रकाशनातल्या मोहिनीताईंनी ती दोनदा परत केली होती. तिसऱ्यांदा वाचायला त्या तयार झाल्या, पण शेवटचं, असं स्पष्ट सांगून. चौथ्यांदा ती कोणी वाचणार नव्हतं.

दोन कामांची सरमिसळ होऊ नये म्हणून घरात दोन कापडी पिशव्या होत्या. पिवळी मुलांची, हिरवी तिची. नऊ वर्षांत एकदाही घोटाळा झाला नव्हता.

"आई," तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "घट बसायच्या आधी तुम्ही माझ्या पिशव्या धुतल्या होत्या का?"

साळुबाई, तिच्या सासूबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मग? घट बसायच्या आधी घरातलं फडकंसुदिक धुत्यात. गोधड्यांबरोबर कालव्यावर नेल्या. लई मळल्या व्हत्या."

"आणि आतले कागद?"

"काढून ठिवले, वाळल्यावर परत भरले. एक पान हरवलं न्हाई, मोजून घे."

"कुठले कुठल्या पिशवीत?"

साळुबाईंनी सुनेकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कागद ते कागद, तेजू. दोन्हीवर अक्षरंच व्हती की."

म्हणजे मागच्या बुधवारी पिवळ्या पिशवीतून कादंबरी शाळेत गेली होती, आणि गावातल्या भरतच्या पिकअपमध्ये टोमॅटोच्या क्रेटवर बसून हिरव्या पिशवीतून बिबट्या पुण्याला गेला होता. मोहिनीताईंच्या टेबलावर. शेवटचा म्हणून.

तिने अंगणात जाऊन, रेंज येते त्या पेरूच्या झाडाखालून फोन लावला.

"मीच करणार होते," मोहिनीताई म्हणाल्या. "तेजस्विनी, काय केलंत हे! सात वर्षं तुम्ही आमच्यापासून हे लपवून ठेवलंत? तो बिबट्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसतो तिथे मी एकटी हसत होते. किती मोकळं लिहिलंय. कुठे पाल्हाळ नाही, कुठे धुकं नाही."

तिच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण पूर्णपणे धुक्याबद्दल होतं.

हे कौतुक ठेवून घेता आलं असतं. तेजस्विनीने पेरूचं एक पान तोडलं. मग म्हणाली, "ताई, ते माझं नाही. शिनोलीच्या गोरख मास्तरांचं आहे. नावाचं पान मी काढून ठेवते. पिशवी बदलली."

पलीकडे पहिलं पान उलटून पाहिल्याचा आवाज आला.

"तुमचं कुठे आहे मग?"

"चौथीच्या वर्गात."

मोहिनीताई पुन्हा हसल्या, पण या वेळी कमी. "शनिवारी दुपारी बैठक आहे. वर्षाची यादी बंद होतेय. शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्या हातात पडली तर वाचते. आणि मास्तरांना सांगा, लिहीत राहा म्हणावं."

दोन वीसला तिने शाळेतून गठ्ठा आणला. गुरुजींनी फाटकापर्यंत येऊन दिला. "पोरांनी मनापासून केलंय बरं का. राग मानू नका."

तिने पेरूच्या झाडाखालीच पानं उलटली. पहिल्या प्रकरणाच्या समासात रेघ होती. दुसऱ्याच्याही. तिसऱ्यात मुलांनी पानागणिक रेघ मारायचा कंटाळा केला होता आणि पहिल्या पानावरून बाण काढून लिहिलं होतं, 'असंच पुढे.' चौथ्या प्रकरणात म्हातारी येत होती. तिथून बरोबरच्या खुणा सुरू झाल्या त्या थांबेचनात. शेवटचं प्रकरण बारावं, त्यात म्हातारी तापाने जाते. तिथे रेघ नव्हती, प्रश्नचिन्ह नव्हतं. कोणीतरी जोर लावून, कागद फाटेपर्यंत लिहिलं होतं, 'का?'

तेजस्विनीने संपादक म्हणून विचार केला. हेच हस्तलिखित कोणा दुसऱ्याचं असतं, तर पहिली तीन प्रकरणं काढा असं तिने चार ओळींत कळवलं असतं. मग तिने लेखक म्हणून विचार केला. धुक्याच्या प्रकरणाला एकट्याला तिची दोन वर्षं गेली होती. लेखकाने संपादकाला तासभर फार वाईट शब्द वापरले. चार वाजता लेखक हरला. तीन प्रकरणं गेली आणि पहिल्यांदाच कादंबरी दारातून थेट घरात शिरली. चुलीपुढच्या म्हातारीसमोर.

शेवटचं प्रकरण मात्र तिने ठेवलं. तिथे रेघ नव्हती, आणि नियम रेघेचा होता.

साडेपाचला शाळा सुटली आणि शेजारची आरती दप्तरासकट धावत आली.

"साळूआज्जी! तू पुस्तकात हाईस!"

"मी?"

"गुळाचा डबा लपवती, कोण आलं तर आधी चपला बघती, आणि लायनीतल्या बायकांना म्हणती 'माझं गुडघं बघा,' आणि फुडं घुसती. आमी लई हसलो. मग तू मेलीस."

साळुबाईंनी आरतीला मूठभर शेंगा दिल्या. गुरुवारी दुपारी चष्मा लावून, गठ्ठा मांडीवर घेऊन त्या ओट्यावर बसल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, चहा गार होईपर्यंत वाचत राहिल्या. तेजस्विनी आत प्रिंटरवर नवी प्रत काढत होती. यंत्राच्या आवाजात तिला दर पानाचं उलटणं ऐकू येत होतं.

दिवेलागणीला चष्मा काढला गेला.

"गूळ मी लपवत न्हाई. मुंग्यांपासनं राखते."

"हो, आई."

"चपला बघते, ते खरं हाय. चपलांवरनं माणूस कळतं. आणि सून लई गरीब दावलीस. एवढी गरीब सून मला कधी मिळाली न्हाई."

"कादंबरी आहे ती. खोटं असतं थोडं."

"त्ये असू दे. पण तापानं? आमच्या घरात तापानं कोण गेलं सांग. माझी सासू ब्याण्णवाव्या वर्षी भांडता भांडता गेली."

"शेवट तसाच पाहिजे, आई. सगळं पुस्तक त्याच्यासाठी लिहिलंय."

"बरं," साळुबाई म्हणाल्या. त्या 'बरं' म्हणतात तेव्हा घरातले लोक सावध होतात. तेजस्विनी दमलेली होती.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला भरतची पिकअप दाराशी आली. नवा, स्वच्छ गठ्ठा हिरव्या पिशवीत तिने रात्रीच ठेवला होता. साळुबाईंनी वर प्लास्टिक गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि गाठ मारली.

"या वेळेला टोमॅटोवर ठिवू नको रं. तुझ्याजवळ ठिव."

"काय हाय एवढं, काकू?"

"मी हाय," साळुबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी चार पन्नासला पेरूच्या झाडाखाली मोहिनीताईंचा निरोप आला. 'बैठक झाली. जागा एक, कादंबऱ्या दोन, सोमवारी ठरेल. तुमचा शेवट सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. कोणीतरी कडी वाजवतं, म्हातारी उठून विचारते, "कोण हाय?" आणि संपतं. मागे दोन्ही वेळा तुम्ही तिला मारलीत आणि आम्ही परत पाठवलं. हे धाडस कुठून आलं? हा शेवट तुमचाच ना?'

तेजस्विनीने निरोप दोनदा वाचला. 'कोण हाय?' हे शेवटून दुसऱ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं.

ती आत गेली. साळुबाई शेंगा निवडत होत्या.

"आई, शेवटचं प्रकरण कुठंय?"

"फळीवर. गुळाच्या डब्याखाली." त्यांनी मान वर केली नाही. "जाळलं न्हाई हां. तुझी मेहनत हाय. पाठवायचं असंल तर पाठव, भरत उद्या बी जातोय."

तेजस्विनीने फळीकडे पाहिलं. अकरा पानं, नीट दुमडलेली, मुंग्या लागू नयेत म्हणून भोवती हळदीची रेघ. सात वर्षांत या बाईने ती काय लिहिते हे एकदाही विचारलं नव्हतं. फक्त दुपारी तीनला टेबलावर चहा ठेवला होता, आणि पाहुणे आले तर 'ती कामात हाय' म्हणून दारातूनच वाटेला लावले होते. लिहून झालेल्या पानांत हे कुठेच आलं नव्हतं. नऊ वर्षं संपादन करून हे तिच्या नजरेतून सुटलं होतं.

"काय म्हणत्यात पुण्याच्या बाई?"

"म्हातारी आवडली."

"आवडणारच," साळुबाई म्हणाल्या आणि एक किडकी शेंग बाजूला टाकली. "जित्या माणसाचं बरं असतं."

पाच वाजून दहा मिनिटांपर्यंतची माहिती अशी: तेजस्विनी पेरूखाली उभी आहे. उत्तर लिहून झालं आहे, ते 'माझ्या सासूबाईंनी' या शब्दांनी सुरू होतं. रेंजची एक काडी दिसते आहे, जाते आहे, पुन्हा दिसते आहे. निरोप अजून गेलेला नाही. शेवटचं प्रकरण गुळाच्या डब्याखाली आहे.